जुन्या कॉम्प्युटरला मोठी हार्डडिस्क: आधी हिशोब, मग स्क्रू

३ टीबीची नवी डिस्क बसवली, कॉम्प्युटर चालू केला, आणि विंडोजमध्ये आकडा दिसतो ७४६ जीबी. दुकानदाराने फसवलं असं वाटून माणूस तडक दुकान गाठतो. पण हा आकडाच सगळं सांगून जातो. ३ टीबी म्हणजे विंडोजच्या मोजणीने साधारण २७९४ जीबी. त्यातून २०४८ वजा करा, उरतात ७४६. मोजणी २०४८ वर संपली आणि रिक्षाच्या जुन्या मीटरसारखी पुन्हा शून्यापासून सुरू झाली. डिस्क ठणठणीत आहे, मोजणारा ड्रायव्हर (डिस्क आणि विंडोज यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम) जुना आहे.

जुन्या मशीनला मोठी डिस्क लावताना खोळंबा होतो तो बहुतेक वेळा असाच, मोजणीपायी. स्क्रू आणि केबलचं काम वीस मिनिटांचं असतं. म्हणून कॅबिनेट उघडण्याआधी मशीन कुठपर्यंत मोजू शकतं ते बघायचं.

इथे डोळ्यासमोर आहे तो २००८ ते २०१२ या काळातला डेस्कटॉप: कोअर टू ड्युओ किंवा पेंटियम ड्युअल कोअर, जी३१ किंवा जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, १६० ते ५०० जीबीची साटा (आयडीईनंतर आलेल्या बारीक केबलची) डिस्क. क्लासेसमध्ये, सीएंच्या ऑफिसात आणि घरात अजूनही हे डबे चालू आहेत. आणि एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. तक्रार "जागा संपली" ही असेल तर पुढे वाचा. तक्रार "कॉम्प्युटर फार हळू चालतो" ही असेल, तर मोठी हार्डडिस्क लावून काहीही फरक पडणार नाही. त्याला २४० जीबीची एसएसडी हा इलाज आहे. दोन्ही तक्रारी असतील तर विंडोज एसएसडीवर आणि फोटो-फायली मोठ्या डिस्कवर, ही जोडी सगळ्यात उत्तम.

मशीन कुठपर्यंत मोजतं?

हार्डडिस्कच्या इतिहासात अशा भिंती बऱ्याच येऊन गेल्या. ५२८ एमबीची, मग ८.४ जीबीची, मग ३३.८ जीबीची. त्या आता फक्त संग्रहात ठेवलेल्या मशीनवर भेटतील. आज कामाच्या भिंती दोनच.

पहिली १३७ जीबीची. डिस्क जोडायची जुनी आयडीई पद्धत सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या ५१२ बाइटच्या कप्प्याचा, पत्ता २८ बिटांत लिहायची. २ चा २८ वा घात गुणिले ५१२ बाइट म्हणजे १३७ जीबीच्या थोडं वर, विंडोजच्या मोजणीत बरोबर १२८ जीबी. पुढे ४८ बिटांचा पत्ता आला आणि ही भिंत पडली. पण त्यासाठी बायोस (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) आणि विंडोज या दोघांचाही पाठिंबा लागतो. विंडोज एक्सपीला तो २००२ च्या सर्व्हिस पॅक १ पासून मिळाला. त्याआधीच्या एक्सपीवर मोठी डिस्क लावली तर ती नुसती लहान दिसून थांबत नाही, डेटाही खराब होऊ शकतो.

दुसरी भिंत २.२ टीबीची, आणि आपल्या डेस्कटॉपला हीच आडवी येते. पार्टिशनची (डिस्कच्या पाडलेल्या भागांची) एमबीआर ही जुनी नोंदवही सेक्टर मोजायला ३२ बिट वापरते. २ चा ३२ वा घात गुणिले ५१२ म्हणजे सुमारे २.२ टीबी. त्यापुढची जागा वापरायला जीपीटी ही नवी नोंदवही लागते. जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू करायचं असेल तर जुन्या बायोसऐवजी यूईएफआय हा त्याचा नवा अवतार लागतो, आणि तो जी३१-जी४१ च्या बोर्डांवर साधारणपणे नसतो.

आपल्या मशीनवर काय आहे हे बघायला विंडोज १० मध्ये स्टार्टला सिस्टिम इन्फर्मेशन शोधून उघडा. 'बायोस मोड' या ओळीसमोर 'लेगसी' असेल तर जुनं बायोस. विंडोज ७ मध्ये ही ओळ नसते. तिथे डिस्क मॅनेजमेंट उघडा, डिस्क ० वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स, आणि पार्टिशन स्टाइल वाचा. एमबीआर दिसलं तर मशीन जुन्या पद्धतीने बूट होतंय असं धरून चाला.

यावरून निर्णय सोपा होतो. लेगसी मशीनमध्ये एकच डिस्क लावायची असेल आणि विंडोजही तिच्यावरच असणार असेल, तर २ टीबी घ्या, त्यावर जाऊ नका. ४ टीबी हवीच असेल तर विंडोज जुन्या डिस्कवर किंवा एसएसडीवर ठेवा आणि ४ टीबीची डिस्क फक्त डेटासाठी जीपीटी करून लावा. विंडोज ७ आणि १० ला हे लेगसी बायोसवरही चालतं, ३२ बिटांच्या एक्सपीला चालत नाही. सुरुवातीला सांगितलेला ७४६ चा घोळ इंटेलच्या डिस्क हाताळणाऱ्या जुन्या आरएसटी ड्रायव्हरमुळे होतो. ड्रायव्हर अपडेट केला की आकडा सुधारतो. तोवर त्या डिस्कवर काहीही लिहू नका.

एक्सपीवर अडकलेल्या मशीनची गोष्ट वेगळी. वजनकाट्याचं किंवा एखाद्या कारखान्यातल्या मशीनचं सॉफ्टवेअर फक्त एक्सपीवर चालतं आणि आतली डिस्क आयडीई असते. नवीन आयडीई डिस्क आता बनत नाहीत. अशा ठिकाणी मोठ्या डिस्कच्या नादी न लागता १२० जीबीची साटा एसएसडी आणि साटा-आयडीई कन्व्हर्टर लावा. १२० जीबी १३७ च्या आतच राहते, त्यामुळे भिंतीचा प्रश्नच येत नाही.

काय विकत घ्यायचं

साडेतीन इंची साटा डिस्क. नव्या डिस्कवर ६ जीबीपीएस लिहिलेलं असतं आणि जुन्या बोर्डाचा पोर्ट ३ जीबीपीएसचा असतो. याने बिघडत काही नाही, दोघं मिळून ३ वर बोलतात. अपवाद व्हीआयएच्या व्हीटी८२३७ सारख्या जुन्या चिपचा. ती नव्या डिस्कशी वेग जुळवू शकत नाही आणि डिस्क दिसतच नाही. तिथे डिस्कच्या मागच्या पिनांवर जंपर लावून वेग १.५ वर बांधावा लागतो, म्हणून अशी सोय असलेलीच डिस्क बघावी.

डिस्क डेटा लिहिते ती पद्धत सीएमआर (नेहमीची) की एसएमआर, हे मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवर तपासा. एसएमआरमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. फोटो साठवायला ती चालते. विंडोज तिच्यावर ठेवलं की अपडेटच्या वेळी मशीन रांगतं. २ टीबीच्या स्वस्त डेस्कटॉप डिस्कांमध्ये एसएमआर बऱ्याच असतात, म्हणून विचारूनच घ्या.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत स्वस्तात मिळाली तर ती रिफर्बिश्ड (वापरून पुन्हा विकायला काढलेली) आहे का हे विचारायला लाजू नका. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघा आणि डिस्क लावल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'पॉवर ऑन अवर्स' वाचा. नव्या डिस्कवर हा आकडा शून्य किंवा एक-दोन असतो. मात्र हा आकडा पुसताही येतो, त्यामुळे वॉरंटीची तारीख जास्त भरवशाची.

डिस्कसोबत एक साटा डेटा केबल घ्या, क्लिपवाली. दहा वर्षं जुनी केबल पुन्हा वापरून पन्नास-शंभर रुपये वाचतात आणि एक रविवार जातो. सीआर२०३२ सेलही घ्या. बोर्डावरचा सेल उतरला असेल तर दर वेळी बटण बंद केल्यावर तारीख मागे जाते आणि बायोसमधल्या सेटिंग्ज पुसल्या जातात, मग नवीन डिस्क एक दिवस चालते आणि दुसऱ्या दिवशी 'बूट डिव्हाइस नाही' म्हणते.

एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात) साटाची पॉवर पिन शिल्लक नसेल तर चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारा जोड मिळतो. त्यात दोन प्रकार आहेत. एकात वायरी प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतात. हा टाळा, आत वायरी एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. दुसऱ्यात मागचं झाकण निघतं आणि प्रत्येक वायर वेगळी दाबून बसवलेली दिसते. तो घ्या.

जुन्या डिस्कची तब्येत

क्लोन करण्याआधी, म्हणजे जुनी डिस्क विंडोजसकट जशीच्या तशी नवीवर उतरवण्याआधी, जुनी डिस्क तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तीन ओळी महत्त्वाच्या: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचताना अडलेले, ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही. सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. सी५ शून्य नसेल तर नेहमीचं क्लोनिंग मध्येच अडकून पडेल. अशा वेळी चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधनही चालवू नका, आधीच थकलेली डिस्क त्याने आणखी राबते. सगळ्यात आधी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर काढा. मग लिनक्समधलं डीडीरेस्क्यू वापरा. ते वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं.

तब्येत बरी असेल तरी फायलींची एक वेगळी प्रत हवीच. क्लोन करताना सोर्स आणि टार्गेट यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि ही चूक परतवता येत नाही.

आता विंडोजची तयारी. बिटलॉकर हे विंडोजचं डिस्कचं कुलूप चालू असेल तर सस्पेंड करा. डिस्कची तब्येत बरी असेल तर सी ड्राइव्हवर चेकडिस्क चालवून घ्या. मग शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. विंडोज १० नेहमीच्या शटडाउनमध्ये अर्धवट झोपतं, त्या अवस्थेतला ड्राइव्ह क्लोनझिला (क्लोन करायला आपण वापरणार ते सॉफ्टवेअर) घ्यायला नकार देतं. शिफ्टमुळे पूर्ण बंद होतं.

कॅबिनेट उघडून

वायर भिंतीतून काढा. मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगावरचा स्टॅटिक चार्ज उतरतो. दोन्ही बाजूंची झाकणं काढा. एकच काढून डिस्क बसवणारे पलीकडचे दोन स्क्रू सोडून देतात, आणि दोन स्क्रूवर लटकलेली डिस्क आयुष्यभर गुरगुरते.

उघडलंच आहे तर एसएमपीएसच्या जाळीतली धूळ काढा आणि बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे उभी छोटी नळकांडी, बघा. वरची टोपी सपाट हवी. फुगलेली किंवा तपकिरी चिकटा आलेली दिसली तर थांबा, त्या बोर्डावर नव्या डिस्कचा खर्च करू नका.

नवी डिस्क जुनीच्या शेजारच्या खणात सरकवा, मध्ये एक खण मोकळा सोडता आला तर उत्तम. डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात. सीडी ड्राइव्हचे स्क्रू बारीक आट्यांचे असतात, ते डिस्कच्या भोकात सैल फिरतात. उलट बाजूने, जाड स्क्रू सीडी ड्राइव्हमध्ये जबरदस्तीने घातला तर तिचे आटे मारले जातात. चारही स्क्रू आधी हाताने दोन फेरे बसवा, मग आवळा, आणि पुरेसे आवळले की थांबा.

डेटा आणि पॉवर या दोन्ही जोडांना आत एल आकाराची जीभ असते, उलटे बसत नाहीत. बसत नसेल तर जोर न लावता फिरवून बघा. जीभ एकदा तुटली की डिस्क गेली. डेटा केबल बोर्डावर मोकळ्या साटा पोर्टला लावा. जुनी डिस्क कुठल्या पोर्टवर आहे त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे लागेल.

पहिल्यांदा चालू करताना

झाकण न लावताच चालू करा आणि बायोसमध्ये जा, बहुतेक बोर्डांवर डिलीट किंवा एफ२. नवी डिस्क मॉडेल नंबरसह दिसली पाहिजे. नाही दिसली तर बायोसमध्ये तो पोर्ट बंद आहे का बघा, जुन्या बोर्डांवर न वापरलेले पोर्ट 'डिसेबल्ड' करून ठेवलेले सापडतात. मग केबल बदला, मग पोर्ट.

डिस्क फिरतच नसेल आणि ती मोठ्या क्षमतेची असेल, तर आणखी एक कारण संभवतं. काही नव्या डिस्कांमध्ये पॉवरच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते, ही मुद्दाम ठेवलेली सोय आहे. जुने एसएमपीएस त्या पिनेवर ३.३ व्होल्ट देतात. मोलेक्सवरून केलेल्या जोडात ३.३ ची वायरच नसते, त्यामुळे तो लावला की डिस्क फिरते.

डिस्क टक्-टक् करून थांबते, पुन्हा सुरू होते, असं झालं तर आधी एसएमपीएसवर संशय घ्या. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत खेचते, म्हणजे वीस-पंचवीस वॉट. नंतर पाच ते आठ वॉटवर येते. दोन डिस्क एकदम सुरू होताना थकलेला एसएमपीएस मान टाकतो.

बायोसमधल्या साटा मोडला (डिस्कशी बोलायची पद्धत, जुनी आयडीई किंवा नवी एएचसीआय) हात लावू नका. आयडीईचं एएचसीआय केलं तर विंडोज निळ्या स्क्रीनवर ७बी हा कोड दाखवून थांबतं. आयसीएच७ चिप असलेल्या जी३१-जी४१ बोर्डांवर तर एएचसीआय नसतंच. चुकून बदललं गेलं असेल तर परत आयडीई करा, विंडोज पहिल्यासारखं चालू होईल.

क्लोन

दुसऱ्या कॉम्प्युटरवर रूफस वापरून क्लोनझिलाचा पेनड्राइव्ह बनवा, एमबीआर आणि बायोस हे पर्याय निवडून. या काळातली बायोस पेनड्राइव्हला हार्डडिस्कच्याच यादीत टाकतात, रिमूव्हेबलमध्ये शोधत बसाल तर सापडणार नाही. हार्डडिस्कच्या क्रमात तो पहिला करा. काम झाल्यावर पेनड्राइव्ह काढला की हा क्रम पुन्हा विस्कटतो, तेव्हा परत तपासा.

मशीन यूपीएसवर असू द्या. वीज गेली तर क्लोन अर्धवट राहतो आणि पहिल्यापासून सुरू करावा लागतो. गावाकडे भारनियमनाची वेळ बघूनच बसा.

क्लोनझिलात डिव्हाइस-डिव्हाइस, मग डिस्क टू लोकल डिस्क. इथे दोन डिस्क एसडीए आणि एसडीबी अशा नावांनी येतात. नावावर विसंबू नका, कारण क्रम पोर्टप्रमाणे बदलतो. आकार आणि सिरियल नंबर स्टिकरशी ताडून बघा. आधी सोर्स विचारतात, नंतर टार्गेट. शेवटी दोनदा खात्री करून घेतात, दोन्ही वेळा थांबून वाचा.

क्लोनझिला वापरलेलीच जागा उचलतं. ३२० जीबीच्या डिस्कवर २०० जीबी भरलेली असेल आणि सेकंदाला ७० एमबीचा वेग मिळाला तर पाऊण तास पुरतो. जुनी डिस्क यूएसबी २ च्या डबीत घालून केलं तर वेग तीसच्या आसपास येतो आणि दोन तास जातात. शिवाय काही यूएसबी डब्या डिस्कचे सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे म्हणून दाखवतात. अशा डबीतून भरलेली डिस्क आत लावली की पार्टिशन वाचताच येत नाही. त्यामुळे दोन्ही डिस्क आतल्या केबलवरच लावा.

क्लोन झाला की मशीन बंद करा आणि जुनी डिस्क सोडवून बाजूला ठेवा. नवी डिस्क जुनीच्या पोर्टवर लावा, मघाचा फोटो इथे कामी येतो. पहिल्या बूटला दोन्ही डिस्क कधीही एकत्र ठेवू नका. दोघींची सही आता एकच आहे. विंडोज एकीला ऑफलाइन तरी करतं किंवा भलतीवरून सुरू तरी होतं, आणि तुम्ही आठवडाभर जुन्याच डिस्कवर काम करत राहता.

उरलेली जागा

नव्या डिस्कवर जुन्या मापाचे पार्टिशन आणि पुढे मोठं मोकळं मैदान, अशी स्थिती दिसेल. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या मोकळ्या जागेवर नवा डी किंवा ई ड्राइव्ह करणं हे सगळ्यात सोपं. सगळी जागा सी मध्ये ओतायची घाई करू नका, विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली की वेगळा डेटा ड्राइव्ह उपयोगी पडतो.

इथे एक सापळा आहे. एमबीआरवर चारच प्रायमरी पार्टिशन बसतात. ब्रँडेड मशीनमध्ये सिस्टिम, सी, रिकव्हरी आणि टूल्स मिळून ते चार आधीच भरलेले असतात. पाचवं करायला गेलात तर विंडोज डिस्क 'डायनॅमिक' करू का विचारतं. नाही म्हणा. हो म्हटलं तर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम आणि बरीच पार्टिशनची साधनं त्या डिस्कपुढे अडतात. त्याऐवजी गरज नसलेलं टूल्सचं पार्टिशन काढा.

सी वाढवायचाच असेल आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करडं दिसत असेल, तर मध्ये रिकव्हरीचं पार्टिशन आडवं आहे. जीपार्टेड या पार्टिशन सरकवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पेनड्राइव्हवरून ते शेवटी सरकवा, मग सी वाढतो.

२ टीबीऐवजी १.८१ टीबी दिसलं तर ती चोरी नाही. कंपनी दहाच्या घातात मोजते, विंडोज दोनच्या.

दोन दिवस वापरून पुन्हा क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. सी७ चा आकडा वाढत असेल तर डिस्क दोषी नाही, डेटा केबल आहे. तापमान चाळीसच्या आसपास असावं. विदर्भातल्या मे महिन्यात पन्नासला टेकायला लागलं तर पुढच्या जाळीमागे १२० मिलिमीटरचा पंखा लावा, डिस्कवरून हवा गेली पाहिजे.

जुनी डिस्क महिनाभर तशीच ठेवा, फॉरमॅट न करता, आणि वर तारीख लिहून. महिन्याने ती बॅकअपला घ्या किंवा भंगारात द्या. देताना साधा क्विक फॉरमॅट पुरत नाही, त्याने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते. विंडोज ७ किंवा १० मध्ये 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला तर सगळ्या डिस्कवर शून्य लिहिलं जातं. ३२० जीबीला दीडेक तास लागतो.